उत्तर नाही

तीस वर्षं ग्लेनिस हार्टलीनं रांग सांभाळली होती. पालिकेच्या जमिनीवर गावकऱ्यांना कसायला दिलेले भाजीचे चाळीस वाफे होते, आणि ते बघणाऱ्या मंडळाची ती चिटणीस. एखादा रिकामा झाला की यादीतल्या पहिल्या नावाला पत्र टाकायचं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर नाव तळाला. यादी फाटकावर, सगळ्यांसमोर. आमच्या यॉर्कशरमध्ये माणसाला बाकी काहीही माफ होतं, रांग मोडणं तेवढं होत नाही.

दोन वर्षांपूर्वी पहिलं नाव होतं ॲल्विन पिनॉकचं. जमैकाहून आलेला, जन्मभर गावची बस चालवलेला माणूस. मंडळाचा अध्यक्ष बॅरी तेव्हा म्हणाला होता, "मी काही तसला नाही हं ग्लेनिस, पण ही माणसं अख्खा गोतावळा घेऊन येतील. धूर काय, गाणी काय!"

ग्लेनिस हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि टाकलंच नाही. पंधरा दिवसांनी यादीत लिहिलं, 'उत्तर नाही'.

"बघ, सुंठीवाचून खोकला गेला," बॅरी म्हणाला. वाफा त्याच्या मेव्हण्याला मिळाला. त्यानं तिथं एक खुर्ची मांडली, गवत वाढवलं आणि आता कंटाळून सोडून दिला.

तोवर ॲल्विनचं नाव तळापासून पुन्हा वर आलं होतं. ग्लेनिसला वाटलं, चला, निदान आता तरी भरपाई करू. तिनं पिनॉकांकडे फोन केला. दुसऱ्या दिवशी ॲल्विनची बायको आयव्ही आली. ग्लेनिसनं मंडळाच्या खोपटात चहा केला.

"नाव खोडा, बाई," आयव्ही बसता बसता म्हणाली. "तो मार्चमध्ये गेला. माझे गुडघे हे असे. मागच्याला द्या वाफा, तोही ताटकळला असेल."

ग्लेनिस गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण तिनं कप खाली ठेवला. तिनं खण उघडला आणि ते पाकीट काढून आयव्हीपुढे ठेवलं. तिकिटावर अजून वारलेल्या राणीचंच चित्र होतं.

"टपालात पडलंच नाही हे. मीच टाकलं नाही. मला तुम्ही लोक इथं नको होतात."

आयव्हीनं पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही.

"रागवा ना माझ्यावर," ग्लेनिस रडत म्हणाली. "काहीतरी बोला."

"ॲल्विन म्हणायचा, इथली माणसं आपल्याशी कशीही वागोत, रांग मोडायची नाहीत. फाटकावर 'उत्तर नाही' वाचलं, तेव्हा म्हणाला, मग पत्र पोस्टमननंच हरवलं असणार. मरेपर्यंत त्या पोराशी बोलला नाही तो. दार उघडायचा नाही. मातीला तो पोरगा आला, तर मी त्याला आत घेतलं नाही. पावसात उभा होता."

तिनं पाकीट पिशवीत घातलं आणि टेबलाचा आधार घेत उठली.

"उद्या तो टपाल घेऊन येईल," ती म्हणाली. "तुम्ही या माझ्या दारात, बाई. त्याला तुम्ही सांगा."