तिसऱ्या डोळ्याची फट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर नेत्रमहाराज डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधून बसले होते आणि लोक जे पुढे करतील ते धडाधड वाचत होते. कुणाचं ओळखपत्र, कुणाचं वर्तमानपत्र, तर कुणाच्या साबणाचं वेष्टन. प्रत्येक वाचनानंतर टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मग महाराज कपाळावर टिचकी मारून सांगायचे की हे दोन डोळे म्हणजे पोरखेळ, खरा डोळा इथे आहे. टिचकीचा टक् असा आवाज माईकमधून घुमायचा. कपाळ आतून रिकामं असावं तसा.

पहिल्या रांगेत एक सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून. ती शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. हल्ली ती महाराजांची एकही सभा चुकवत नव्हती. सुनेला सुबुद्धी सुचली, असं सासूबाईंना वाटत होतं. सून सूड उगवायला आली होती.

तिची मुलगी चिमी नऊ वर्षांची. जन्मापासून काचबिंदू. उजवा डोळा कधीच गेलेला, डाव्यात थोडा उजेड उरलेला. तेवढ्या उजेडावर चिमी खिडकी ओळखायची आणि दारात आई उभी आहे की आजी, हे आकारावरून सांगायची. तो उजेड टिकवायला रोज डोळ्यात थेंब घालावे लागत. बाकी घरात तिचे फाजील लाड नव्हते. खुर्ची ज्याने हलवली त्याने तोंडाने सांगायचं, एवढा एक नियम होता. चिमी ब्रेल वाचायची, स्वतःचे कपडे स्वतः घडी करायची आणि भांडणात कुणाला हार जायची नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरणीला आजारी वडिलांपाशी जाऊन राहावं लागलं. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे चिमी आजीजवळ राहिली. थेंब वेळेवर चालू आहेत, असं सासूबाई फोनवर रोज सांगायच्या. मास्तरीण परतली तेव्हा चिमी भर दुपारी उघड्या खिडकीसमोर उभी होती.

"आई, खिडकी कुणी लावून घेतली?" तिने विचारलं.

डोळ्यातला दाब वाढून नस सुकली, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नव्हतं. मग सासूबाईंनी रडत कबूल केलं. सुट्टीभर त्या चिमीला नेत्रमहाराजांच्या सभांना नेत होत्या; थेंबांमुळे तिसऱ्या डोळ्यावर जाळं धरतं, असं महाराजांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी औषध बंद केलं. आणि इतकं होऊनही त्या डोळे पुसत म्हणाल्या, "उघडेल गं. वेळ लागतो, एवढंच."

मास्तरणीने आदळआपट केली नाही. घरात भांडून त्या माणसाच्या केसालाही धक्का लागला नसता. तिला तो भर सभेत, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत उघडा पडायला हवा होता. म्हणून ती सभांना जाऊ लागली, टाळ्याही वाजवू लागली. पण युक्ती काही हाती लागेना.

ती लागली चिमीमुळे. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता चिमी म्हणाली, "तो महाराज वाचताना मान वर करतो का गं? त्याचा आवाज छताकडे जातो. आणि मला सारखा सांगायचा, कागद खाली धर, मांडीपाशी."

मास्तरीण उठली, काळं कापड घेऊन आरशासमोर बसली. जरा वेळाने ती हसली. खिडकीच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच.

आज सभा रंगात आली तेव्हा महाराजांनी नेहमीचं आव्हान दिलं. कुणीही या, हवी तशी पट्टी बांधा, भिंत बांधलीत तरी आरपार दिसेल! मास्तरीण व्यासपीठावर गेली. चिमीच्या लहानपणी ऑपरेशननंतर डोळ्यावर लावायच्या त्या चिकट पट्ट्या तिने पर्समधून काढल्या आणि महाराजांच्या मिटल्या डोळ्यांवर एकेक चिकटवली. नाकाशेजारच्या कडा अंगठ्याने दाबल्या, गरजेपेक्षा जास्तच दाबल्या. वरून त्यांचीच काळी पट्टी बांधली आणि पुस्तक उघडून समोर धरलं.

महाराजांनी मान वर केली, खाली केली, डावीकडे कलती केली. मग सभेत कुणाच्या तरी संशयाचा धूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं.

"संशय माझाच आहे," मास्तरीण माईकमध्ये म्हणाली. "पण तुम्हाला भिंतीपलीकडचं दिसतं ना?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. महाराज उठले, वायरीत पाय अडकून पुन्हा खुर्चीत आदळले. शिष्य धावले, पण लोकांनीच त्यांना अडवलं. वाचू द्या म्हणाले. शेवटी महाराजांनी पट्ट्या ओरबाडल्या. एका पट्टीबरोबर अर्धी भुवई निघून आली. मास्तरणीला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मग तिने सासूबाईंना वर बोलावून खुर्चीत बसवलं आणि तीच काळी पट्टी त्यांना बांधली. बांधताना भुवया वर ताणायला लावल्या, नंतर सैल सोडायला लावल्या. त्यांच्या मांडीवर चिमीच्या थेंबांचं खोकं ठेवलं.

"आता मान वर करा, आई, आणि नजर नाकावरून खाली सोडा. वाचा."

सासूबाई वाचू लागल्या. "रोज दोन वेळा... एकही दिवस चुकवू नये."

"परत वाचा. मोठ्याने."

मास्तरणीने वाट पाहिली. त्यांनी वाचलं तेव्हाच तिने पट्टी सोडली आणि ती लोकांपुढे धरून फट कुठे पडते ते दाखवलं. सभागृहात रुमाल निघाले. जो तो बांधून बघू लागला आणि ज्याला त्याला मांडीवरचं दिसू लागलं. आधी हशा पिकला. मग मागच्या रांगेतला एक बाप उठून म्हणाला की आम्हीही मुलाचं औषध बंद केलंय, आणि हशा थांबला. त्याच संध्याकाळी तो आणि मास्तरीण पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेले. महाराजांना अटक झाली, खटला उभा राहिला. प्रत्येक तारखेला मास्तरीण अगदी त्यांच्या नजरेसमोर जाऊन बसायची.

सासूबाईंनी माफी मागितली. मास्तरणीने दिली नाही. माफी चिमीकडे मागा, म्हणाली, आणि तिने नाही दिली तर मी तिला समजावणार नाही.

आता कुठल्या दवाखान्यातून किंवा शाळेतून बोलावणं आलं की ती जाते, कुणाला तरी पुढे बोलावते, पट्टी बांधते, वाचायला लावते. शेवटी आयाबापांना सांगते:

"डॉक्टरांना विचारा, हे औषध का, कशासाठी, बंद केलं तर काय होईल. ते चिडले तर दुसऱ्यांकडे जा, पण विचारा. आणि ज्याला प्रश्न विचारलेला चालत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका. माझ्या मुलीपाशी थोडासाच उजेड होता. तो आमच्या श्रद्धेचा नव्हता, तिचा होता."