पोटावर हात नसताना

गर्भाशयाची पिशवी काढून बारावा दिवस, आणि मी भरलेली बादली उचलली. कुणी उचलायला लावली नव्हती. कुणी "राहू दे" म्हटलं नव्हतं, एवढंच. वर्षभरात जुन्या टाक्यांच्या रेषेतून पोट बाहेर आलं. आधी लिंबाएवढं, मग खरबुजाएवढं. हर्निया.

"वहिनी, कितवा महिना?" नणंद विचारायची.

"तुझ्या भावाला विचार," मी म्हणायचे आणि दोन्ही तळहातांनी पोट दाबून हसायचे. हसणं, शिंकणं, खोकणं, सहा वर्षं सगळं हात दाबून. मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. एक हात पोटावर ठेवून ताडपत्री शिवता येत नाही. काम हातचं जायच्या बेतात होतं.

नव्या डॉक्टरीणबाईंना मी तोंडावर सांगितलं, "पहिल्या डॉक्टरने टाके कच्चे घातले."

"टाका तुटला नाही, मावशी. टाक्याशेजारचं मांस फाटलं."

दोरा टिकतो आणि शेजारचं कापड जातं, हे तीस वर्षं माझ्याच हाताखाली घडतंय.

"म्हणजे ठिगळ. भोकापेक्षा मोठं."

"जाळीचं. चहूकडून तीन बोटं जास्त."

"टिकेल?"

"खोटं वचन मी देत नाही."

कमरेत भूल दिली. हात दोन्हीकडे फळ्यांवर बांधले. तोंडासमोर पडदा लावला, पण वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत सगळं दिसतंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मला माझं आतडं दिसलं. गुलाबी, ओलं, संथपणे सरकणारं. पन्नास वर्षं मी त्याला शिळंपाकं घातलं, उपाशी ठेवलं, शिव्या घातल्या. आताही उघड्यावर पडून त्याचं काम चालूच होतं. मी कुणापुढे वाकत नाही. तिथे वाकता येत नव्हतं म्हणून, नाहीतर वाकले असते.

त्यांनी ते अलगद आत घातलं, पोटाचा आतला पडदा शिवला, वर पांढरी जाळी अंथरून टाचली.

"मावशी, खोका."

"आधी हात सोडा."

"हात नाही. तसंच."

"आणि सगळं बाहेर आलं तर?"

"मी आहे ना इथे. आत्ताच कळलेलं बरं."

मी खोकले. नुसता वारा.

"हा पाहुण्यांसमोरचा झाला. घरचा खोका."

मग मला राग आला. त्या बादलीचा, ती उचलताना बघत बसलेल्या घरादाराचा. निम्मं अंग बधिर होतं, उरलेल्या निम्म्याने मी खोकले.

दिव्यात जाळी फुगली. खालून सगळा जीव उसळून तिला भिडला, आणि परत गेला. एकही टाका हलला नाही.

मी पुन्हा खोकले. मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा.

"पुरे, मावशी. आता मला वरून बंद करू द्या."

"थांबा की जरा," मी म्हटलं. "बघू द्या."

त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. आमची नजरानजर तिथेच झाली. सुई हातात धरून त्या थांबल्या.