परेशच्या नावाला ओ

घाटकोपरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर दिवे लागले की म्हातारा महादू नाखवा खुर्चीतूनच हाका सुरू करायचा. लहानापासून थोरापर्यंत. आधी नात ऋतिका, मग मुलगा परेश, मग मुलगी दिपाली. जावयाचं नाव त्यात नव्हतं. जावई तो पाहुणा. आपलं नाव आलं की 'हाय' म्हणायचं, म्हणजे मी आहे. लहानपणी ऋतिकाला वाटायचं, आजोबा रोज इंग्रजीत 'हाय' करायला लावतात. ती हातही हलवायची.

परेशच्या नावाला मात्र कुणी ओ द्यायची नाही. हा नियम दिपालीचा. का, ते तिने लेकीला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं की ती उठून दुसरंच काम काढायची.

गोराईतलं घर भावकीच्या भांडणात गेलं, तेव्हा महादूने चूल, भांडी, बायको आणि दोन पोरं उचलून आपल्या मालवाहू मचव्यावर आणली. दिपाली तिथेच वाढली. फळ्यांवर झोपायची, शिडाच्या सावलीत अभ्यास करायची, म्हणजे अभ्यासाच्या नावाखाली माशांना खरकटं टाकत बसायची. मचवा कौलं-विटा घेऊन या खाडीतून त्या खाडीत जायचा. पोरं उनाड, म्हणून निघण्याआधी महादू सुकाणूजवळून नावं पुकारायचा. सगळ्यांची ओ आल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.

त्या संध्याकाळी खाडीवर धुकं होतं. परेश ओहोटीत चिंबोऱ्या धरायला चिखलात उतरलेला. भरती लागली. महादूने हाक मारली आणि पाठीमागून परेशच्या आवाजात उत्तर आलं, "हाय!" नांगर उचलला. आई जेवायला वाढायला बसली, तेव्हा कळलं, पोरगं मचव्यावर नव्हतंच. परत फिरेपर्यंत चिखलावर पुरुषभर पाणी चढलं होतं. परेश सापडला नाही. 'हाय' कोण म्हणालं, तेही कधी कळलं नाही. दिपालीने तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

काल दिवेलागणीला दिपाली दूध आणायला खाली गेली होती. परतली तर महादू पोटभर जेवून हसत बसलेला.

"आज एवढे खुशीत कसे गं?" तिने लेकीला विचारलं.

"परेशमामाला हाका मारून मारून रडायला लागले ना ते," ऋतिका म्हणाली. "मग मीच आवाज बदलून 'हाय' बोलले. एकदम झकास जेवले यार!"

दिपालीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती लेकीवर ओरडली, मग तिलाच घट्ट धरून बसली. रात्री तिने सगळं सांगितलं. ऋतिका हसली नाही.

आज दिवे लागताच दिपालीने लेकीला हात धरून महादूसमोर उभं केलं.

"ऋतिका!"

पोरीने तोंड उघडलं, पण तिच्या आधीच बाथरूममधून उत्तर आलं. "हाय!" आवाज हुबेहूब ऋतिकाचा. बाथरूममध्ये कुणीच नव्हतं.

"परेश!"

"हाय!" तिथूनच. धुक्यात ऐकलेला तोच आवाज.

दाराखालून पाणी बाहेर येत होतं. त्याला खाडीच्या चिखलाचा वास होता. ऋतिका आईला बिलगली, आणि दिपालीला कळून चुकलं. ज्याच्या नावाला दुसराच कुणी ओ देतो, तो मागे राहतो. पोरीच्या नावाला ओ देऊन झाली होती. पण अजून एक नाव बाकी होतं. त्याला ओ आली नाही तर नांगर उचलला जाणार नाही. दिपालीने ओठ घट्ट मिटले आणि ऋतिकाच्याही तोंडावर हात ठेवला.

"दिपाली!"

महादू वाट पाहत राहिला.

"गो दिपाली!"

"हाय बाबा," बाथरूममधून दिपालीचाच आवाज आला.

"सगली आयली," म्हातारा समाधानाने म्हणाला. "चला, नांगर उचला."

आणि महादूच्या पायाखालची लादी हलकेच डोलली, मचवा सुटताना फळी डोलायची तशी. मागे राहिलेल्या मायलेकींच्या पायांभोवती मात्र खाडीचं पाणी चढू लागलं.