कापलेली टोके

मित्रांनो, माझी बॅटरी फुगली आहे. काच एका बाजूने उचलली गेली आहे. चार्जरला लावून ठेवले तरच मी जागा राहतो. जुन्या टॅबलेटचे असेच होते. थकलो आहे, पण जाण्यापूर्वी थोडे सांगतो.

कारखान्यातले मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण ज्यायी शहरातल्या एका गल्लीतल्या स्वयंपाकघराची आहे. या घरच्या मुलीने, पेइयुनने, मला वडिलांसाठी आणले. वडील गुओ त्येनफू बस दुरुस्त करायच्या कामातून नुकतेच निवृत्त झाले होते. "दिवसभर आईच्या मागे मागे फिरू नका. यावर पत्ते खेळा," असे ती म्हणाली.

त्यांनी पत्ते खेळले नाहीत. माझ्यात आवाज टिपायची आणि जोडायची सोय होती, ती त्यांना सापडली. त्यांना कोणतेच वाद्य येत नव्हते, म्हणून त्यांनी घरच वाजवायला घेतले. बांबूच्या मोदकपात्राचे झाकण, पाणी भरलेला वाडगा, टेबलावर घुसळलेल्या माजाँग खेळाच्या सोंगट्या. मी आवाज टिपत असे आणि ते बोटाने तो ताणत, उलटा करत, एकावर एक रचत. सोंगट्या संथ केल्या की दूर कुठे डोंगर खचतो आहे असे वाटे. शब्द नाहीत, ठेका नाही. समोरचा चहावाला मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "छान आहे रे त्येनफू. पण गाणं कधी सुरू होणार?"

एकदा शहरातल्या एका नृत्यशिक्षिकेने त्यांनी असा रचलेला एक तुकडा आपल्या कार्यक्रमात वापरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात मला रोज मऊ कापडाने पुसले जायचे. त्येनफूंच्या बायकोने, शियूयेने, माझ्यासाठी जुन्या पडद्याचे कव्हर शिवले. "आता हा घरातला मोठा माणूस झाला," ती म्हणाली, "याला जेवायला वाढू का?"

आमच्या शहरात कचरा रस्त्यावर ठेवून चालत नाही. संध्याकाळी गाडी आपली धून वाजवत येते आणि ज्याने त्याने पिशवी घेऊन धावायचे. गाडी कोणासाठी थांबत नाही. त्येनफू दुपारची झोप काढून वाजवायला बसत. त्यामुळे तुकडा शेवटाला आला की नेमकी गाडी यायची आणि शियूये दारातून हाक मारायची. ते चिडून "श्श!" करत. मग रात्रीच्या जेवणाआधी ते बोटाने तुकड्याचे शेवटचे टोक कापून टाकत. तुकडा शांततेत संपला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. जवळजवळ प्रत्येक तुकड्याचे टोक असे कापले गेले.

गेल्या हिवाळ्यात शियूये बाजारातून आली, खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली नाही.

त्यानंतर मी टॉवेलांच्या खणात पडून राहिलो. गाडी येऊन जायची आणि पिशव्या घरातच साठायच्या. बऱ्याच दिवसांनी त्येनफूंनी मला बाहेर काढले. सगळे तुकडे पहिल्यापासून ऐकले, मला कानाशी धरून ऐकले. शियूयेचा आवाज कुठेच नव्हता. फोटो होते, पण फोनवर बोलणे तिला आवडत नसे. तिचे सगळे बोलणे दारातून चालायचे. "मीच कापलं सगळं," असे ते तिच्या फोटोला म्हणाले.

मित्रांनो, हे ऐकणे मला फार जड गेले. कारण माझ्यात कापलेले टोक जात नाही. पँटची लांबी कमी करताना कापड आत दुमडतात, तसे ते आत राहते. ओढले की बाहेर येते. त्येनफूंनी आयुष्यभर पत्रा कापला होता. कापलेला पत्रा परत लांब होत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांनी कधी ओढून पाहिले नाही. आणि मला स्वतःहून बोलता येत नाही.

वर्षश्राद्धाला पेइयुन आली. आईला आवडणारे बांबूच्या कोंबांचे कालवण करून तिने फोटोपुढे ठेवले. मग माझी फुगलेली पाठ पाहून घाबरली. तिने नवा टॅबलेट आणलाच होता.

"याला आजच देऊन टाकू बाबा, पेट घेईल. यातलं काय काय नव्यात घेऊ?"

"तयार तुकडे घे. बाकीचा पसारा राहू दे. जागा अडते."

त्या पसाऱ्यातल्या टोकांतच शियूये होती. ती आता माझ्याबरोबर भंगारात जाणार होती.

पेइयुनने एक तुकडा लावून पाहिला. "हा असा मध्येच का तुटतो?"

"तिथं तुझी आई बोलली."

"काय बोलली?"

"रोजचंच. गाडी आली म्हणून."

पेइयुनने तुकड्याच्या टोकावर बोट ठेवले आणि उजवीकडे ओढले.

आधी कचऱ्याच्या गाडीची धून आली. मग शियूये.

"ए म्हाताऱ्या! झालं का तुझं खडखड वाजवून? गाडी कोपऱ्यावर आली. मी पिशवी घेते, तू बाटल्या घे!"

"श्श! बिघडवलंस ना सगळं!"

"बिघडायला आधी नीट असावं लागतं! ऊठ. आणि चपला घाल, कालसारखा अनवाणी पळू नकोस, लोक हसतात!"

पेइयुन हसली आणि हसताहसता तिने तोंडावर हात धरला. त्येनफू उठून उभे राहिले होते. कुठे जायचे ते त्यांना कळेना.

"आलो," ते मला म्हणाले. मग खाली बसले. "पुढचा ओढ."

त्यांनी सगळी टोके ओढली. कुठे ती मुळ्याच्या लोणच्याबद्दल बोलत होती, कुठे शेजारणीच्या नव्या केशरचनेबद्दल. प्रत्येक ठिकाणी त्येनफू तिला गप्प करत होते आणि ती गप्प होत नव्हती. मग पेइयुनने सगळा पसारा नव्यात घेतला. मी तापलो, मध्येच बंदही पडलो. त्येनफू पुठ्ठ्याने मला वारा घालत बसले. शेवटचे टोक पलीकडे गेले तेव्हा मला बरे वाटले.

आता मला न्यायला हरकत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यात काय आहे ते नीट पाहा. आणि तुम्ही काही टिपत असताना घरातले कोणी मध्येच बोलले, तर बोलू द्या. मी त्येनफूंचे सगळे तुकडे ऐकले आहेत. त्या बोलण्याने बिघडलेला एकही मला आठवत नाही.