मांबलमच्या घरात अडखळलेले विमान

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे, पण मला शोधायला आकाशाकडे पाहू नका. माझा जन्म संगणकात झाला आणि माझे सारे उड्डाण पडद्यावरच झाले. घरबसल्या विमान चालवता यावे म्हणून काही लोक संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर नावाचा प्रोग्राम घेतात. त्यात थोडी विमाने आधीपासून असतात. ज्यांचे मन तेवढ्याने भरत नाही, ते वेगळे पैसे देऊन आणखी विमाने विकत आणतात. मी तसले विकतचे विमान. माझ्या शेकडो सीडी निघाल्या, आणि जिथे सीडी पोहोचली तिथे मी होतो. म्हणूनच दोन घरांत घडलेली ही गोष्ट मला सांगता येते.

मला दोन माणसांनी घडवले. एकाने माझे रूप रंगवले. पंखांवरचा एकेक खिळा, आतल्या खुर्च्यांच्या कापडाची वीण, काचेवरचे ओरखडे, सारे त्याने जीव ओतून काढले. दुसऱ्याने वैमानिकांसमोरच्या माझ्या तबकड्यांचे काटे खरे हलतील अशी व्यवस्था केली. इतक्या चित्रांचा भार साध्या संगणकाला पेलणार नाही, असे दुसरा म्हणाला होता. पण खोक्यावर छापायला माझी छायाचित्रे फार सुंदर येत होती. त्याचे कोणी ऐकले नाही.

दोन हजार पाच साली मी चेन्नईला संजीवच्या हाती आलो. संजीव मूळचा नाशिकचा. नुंगंबाक्कममधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरी करायचा आणि एका संकेतस्थळावर माझ्यासारख्या विमानांची परीक्षणे लिहायचा. त्याचा शब्द लोक मानत. त्याचा संगणक त्याने स्वतः निवडून निवडून जोडलेला, बाजारात जे सर्वांत ताकदवान ते त्यात होते. तिथे मी झुळझुळ उडालो. संजीवने माझी सर्व बाजूंनी चित्रे घेतली आणि लिहून टाकले की इतके देखणे विमान दुसरे नाही, आणि ते कुठल्याही संगणकावर सहज चालते. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर त्याने मला लावून पाहिले नव्हते. मला मात्र ती स्तुती गोड लागली.

तेच परीक्षण चेन्नईतल्याच वेस्ट मांबलममध्ये कनकाने वाचले. कनका बँकेत नोकरी करणारी. तिचे घराणे तंजावरच्या मराठ्यांचे. तिचे वडील व्यासराज एके काळी फ्लाइट इंजिनिअर होते. जुन्या मोठ्या विमानांत दोन वैमानिकांच्या मागे तिसरा माणूस बसत असे. इंजिनाची उष्णता, इंधन, तेलाचा दाब दाखवणाऱ्या तबकड्या त्याच्यासमोर असत, आणि त्या वाचून तो वैमानिकांना सांगत असे. पुढे नवी विमाने आली आणि ती तिसरी खुर्चीच गेली. मी त्या जुन्या विमानांपैकी एकाची नक्कल होतो, तिसऱ्या खुर्चीसकट.

व्यासराजांना काचबिंदू झाला होता. नजर हळूहळू जाणार, ती परत आणता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आहे तेवढी दृष्टी आहे तोवर अप्पांना त्यांच्या तबकड्या पुन्हा पाहता याव्यात, म्हणून कनकाने मला मागवले. पहिल्या दिवशी पडद्यावर माझे पॅनेल उघडले तेव्हा व्यासराजांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग एकेका तबकडीवर बोट ठेवत ते कनकाला त्या तबकडीचे काम सांगत गेले. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पण त्यांचा संगणक साधा होता. मोकळ्या आभाळात मी कसाबसा निभावून नेई. चेन्नई जवळ आली, खाली घरे, रस्ते आणि धावपट्टी दिसू लागली की माझा भार त्याला सोसेना. पडद्यावर एक चित्र दिसे, गोठे, आणि बऱ्याच वेळाने दुसरे येई. व्यासराज इंजिनांचा जोर कमीजास्त करणारा लिव्हर ओढत आणि मी उशिरा ऐकत असे. दर वेळी आम्ही धावपट्टीच्या अलीकडे आपटायचो. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले.

मित्रांनो, त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. आपलेच हात आता गेले, असे त्यांना वाटू लागले. रविवारी ते बोटांचे व्यायाम करत बसत. दोष माझा होता आणि ते मला ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते.

दोष विमानाचाच असावा, अशी कनकाला शंका आली. तिने संजीवला ईमेल लिहून सगळे सविस्तर कळवले. संजीवने ऑफिसच्या घाईत दोन ओळींचे उत्तर पाठवले. विमानात खोट नाही, चालवणाऱ्याला सराव हवा. कनकाने आधी स्वतः न वाचताच ते अप्पांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतले आणि ती अर्ध्यावर थांबली.  व्यासराजांनी उठून संगणकावर कापड घातले. दिवाळी आली, गेली, चेन्नईचा हिवाळ्यातला पाऊस लागला, तरी ते कापड निघाले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वीज वरखाली झाली आणि संजीवच्या संगणकातले, पडद्यावर चित्रे उमटवणारे महागडे ग्राफिक्स कार्ड जळाले. नवे येईपर्यंत त्याने कपाटातले जुने कार्ड बसवले आणि सहज मला सुरू केले. चेन्नईच्या धावपट्टीपाशी मी जसा मांबलममध्ये अडखळायचो तसाच अडखळलो आणि आपटलो. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झाले.  मग त्याने कनकाची ईमेल शोधून काढली आणि ती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली.

रविवारी तो मांबलम स्टेशनवर उतरून त्यांच्या घरी आला. कनकाने कॉफी दिली, पण ती त्याच्याशी फारसे बोलली नाही. व्यासराजांनी त्याला आवाजाच्या दिशेने नमस्कार केला, तेव्हाच त्याला कळले की किती उशीर झाला आहे.

"काका, विमानच चांगलं नव्हतं," तो म्हणाला. "मी नीट तपासलं नाही आणि तसंच लिहून मोकळा झालो. चूक तुमच्या हातांची नव्हती."

व्यासराजांनी दोन्ही तळवे उघडून चेहऱ्याजवळ आणले. "मग इतके दिवस मी उगाच यांना बोललो," ते म्हणाले.

संजीव पुढे अनेक रविवार येत राहिला. माझी मोठमोठी चित्रे त्याने लहान केली. पंखांवरचे खिळे गेले, खुर्च्यांचे कापड गेले, माझी चकाकी गेली. तिसऱ्या खुर्चीसमोरच्या तबकड्या आणि इंजिनांचे आवाज तेवढे त्याने जसेच्या तसे ठेवले. मला दुःख झाले नाही. ज्या रूपापायी एक माणूस स्वतःच्या हातांवर रुसला, ते रूप ठेवून मी काय करणार होतो? आपले जुने परीक्षण चुकीचे होते, असे संजीवने संकेतस्थळावर स्पष्ट लिहिले. त्यानंतर मला बनवणाऱ्यांनी त्याला परीक्षणासाठी नवी विमाने पाठवणे बंद केले.

अखेर एके दिवशी संध्याकाळी आम्ही निघालो. विमान वळवायची स्टिक कनकाच्या हाती होती, इंजिनांचा लिव्हर व्यासराजांच्या. पडदा त्यांना धुक्यासारखा दिसत होता, आकडे मुळीच दिसत नव्हते. म्हणून संजीव शेजारी बसून एकेक तबकडी वाचू लागला. तो वाचायचा आणि व्यासराज आवाज ऐकत लिव्हर हलकेच पुढेमागे करायचे. चेन्नई जवळ आली. खाली घरे आली, रस्ते आले, आणि मी कुठेही थांबलो नाही. चाके धावपट्टीला टेकली तेव्हा कनकाने स्टिक सोडून अप्पांचा खांदा धरला.

संजीव म्हणाला, "तुमचे हात पक्के आहेत, काका."

व्यासराज हसले. "परवायिल्लै," ते तमिळमध्ये म्हणाले, काही हरकत नाही अशा सुरात. मग आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत हळूच म्हणाले, "तू दिवाळीआधी आला असतास, तर या तबकड्या मीच तुला वाचून दाखवल्या असत्या."

त्यात राग नव्हता. संजीवने मान खाली घातली आणि संगणक बंद होईपर्यंत ती वर केली नाही. माझ्याकडे तर घालायला मानही नव्हती.

आता नव्या संगणकांना माझे वजन जाणवत नाही, आणि मला कोणी लावतही नाही. पण मित्रांनो, तुम्ही उद्या काही बनवाल, कशाची तरी स्तुती कराल, कोणासाठी काही निवडाल. ते ज्याच्या हाती जाणार आहे, त्याच्या घरी ते कसे चालते हे आधी पाहून घ्या. आणि कोणी सांगितले की आपल्याला हे जमत नाही, तर त्याला सराव करायला सांगू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि स्वतः पाहा. मात्र जायचे असेल तर त्याला दिसते आहे तोवर जा.