नानांनी ओल्या फडक्यानं पुसलेला फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे. शिंदखेड्याजवळच्या एका गावात, वाचनालयाच्या ओट्यावर माझी हयात गेली. मित्रांनो, फळे मुकाट सोसतात असं वाटत असेल तर तो गैरसमज आजच काढून टाका. मी डूख धरतो.

सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. वाचनालयाचा शिपाई हिलाल दर आठवड्याला माझ्यावर व्यंगचित्र काढायचा. रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून नेणारा वाचक, खूण म्हणून पुस्तकात विडी ठेवणारे आबा, पाहुण्यांना कोंडून कविता ऐकवणारा कवी. खडू तो साखरेच्या पाण्यात भिजवायचा, म्हणजे रेघ टिकते. लोक पुस्तक नेवोत न नेवोत, मला वाचून पोट धरून हसायचे.

१९८८च्या एप्रिलमध्ये आमचे अध्यक्ष रुपचंद नाना यांच्या नव्या कवितासंग्रहाचं प्रकाशन होतं. त्या सकाळी हिलालनं काढलं: ढेरपोट्या कवी स्वतःचंच पुस्तक काखोटीला मारून चाललाय, आणि खाली ओळ, 'मागणी फार!' नाना खरंच तसं करत. दर महिन्याला आपलं जुनं पुस्तक आपल्याच कार्डावर नेत आणि तारखांचे शिक्के वाढवत. शिक्के मारायचा हिलालच.

"उद्यापासून कामावर यायचं नाही!" नाना कडाडले.

घरात कमावणारा हिलाल एकटा. बिचाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. नानांनी बादलीतलं फडकं उचललं.

"नाना, ओल्यानं नका पुसू, ते..."

"आता तू मला शिकवतो?"

आणि ते फडकं माझ्या तोंडावरून खसाखसा फिरलं. मी काळाकुळकुळीत झालो. 'स्वागत' लिहायचं होतं, म्हणून मला मांडवाच्या कडेला उन्हात वाळत ठेवलं. मी मनात म्हटलं, थांबा नाना, वाळू तर द्या मला! पुसलेला खडू वाळला की पुन्हा उमटतो, हे खडू न धरलेल्याला कुठून ठाऊक असणार?

नाना भाषणाला उभे राहिले. "माझं आधीचं पुस्तक कपाटात टिकतच नाही हो!"

तेवढ्यात माझ्यावर टोपी उमटली. मग ढेरी. मग काखेतलं पुस्तक.

"ओ माय!" पुढे बसलेल्या बेबाबाई ओरडल्या. "हाई तं आपला नाना शेतस!"

सगळा मांडव हसला. धुळ्याहून आलेल्या पाहुण्यांनी ते जुनं पुस्तक मागवलं, मागची चिठ्ठी पाहिली. नऊ तारखा, कार्ड एकच. नानांना घाम फुटला. मला दया आली का? मुळीच नाही. पोटभर आनंद झाला.

"चित्र कोणाचं?" पाहुण्यांनी विचारलं.

"आमच्या... हिलालचं," नाना पुटपुटले.

"असा माणूस सोडू नका बरं!"

टाळ्या पडल्या. चारचौघांत नानांना मान हलवावीच लागली. हिलालची नोकरी वाचली.

मित्रांनो, फळ्याची निगा राखा. आणि फळ्यावर लिहिणाऱ्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका.

पुढच्या सोमवारी हिलालनं खडू भिजवला. नाना मागे येऊन घुटमळले. "काढ बाबा. पण पोट तेवढं कमी काढ."

हिलाल मान डोलावून "हो नाना" म्हणाला आणि त्यानं पोट माझ्या चौकटीपर्यंत नेलं.