सरांच्या पसंतीची जोडी

पूर्वी म्हैस घ्यायची तर लोक जाणता माणूस सोबत नेत. क्लेटनच्या गावातल्या म्हशी संपल्या, गोठ्यांच्या जागी बंगले आले, पण रीत राहिली. आता जाणता माणूस न्यायचा तो आवाज करणारी वस्तू घेताना, आणि तो माणूस म्हणजे आलोशियस सर. पोरीला की-बोर्ड घ्यायचा असो, लग्नाचा बॅण्ड ठरवायचा असो, सरांनी डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची, मगच पाकिटातून पैसे निघायचे. एकाने तर दारावरची बेल घेतानाही त्यांना वसई स्टेशनपर्यंत नेलं होतं. सरांनी ती नापास केली होती.

शाळेतून निवृत्त होऊन सरांना अकरा वर्षं झाली होती, पण चर्चमध्ये गाणारं कॉयर बसवण्यातून निवृत्त व्हायची सोय नव्हती. यंदा तिथे त्यांची चाळीस वर्षं भरली. कॉयरच्या मंडळींनी वर्गणी काढली आणि म्हटलं, सर, तुमच्या आवडीचे स्पीकर घ्या, घरी बसून गाणी ऐका. शाल दिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

सरांनी दोन अटी घातल्या. वर्गणीच्या बाहेर जायचं नाही, आणि स्पीकर आपल्याच देशात बनलेला हवा. यात देशप्रेम थोडं आणि मास्तरकी जास्त होती. "बिघडला तर ज्याने केला त्याला समोर उभं करून विचारता आलं पाहिजे," ते म्हणाले. "चीनला कुठे उभं करू?"

पहिली जोडी दक्षिणेतल्या एका कंपनीची आली, दुसरी पुण्याहून. आवडली नाही तर दहा दिवसांत परत, अशी दोन्हीकडे बोली होती. परीक्षेचा पेपर एकच होता: शहाण्णव सालच्या सणाच्या मिस्साचं रेकॉर्डिंग, जे कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर आलं होतं. त्यात गाणं थांबतं, सगळं चर्च गप्प होतं आणि वेदीजवळची छोटी घंटी वाजते. सर त्या घंटीसाठी कान देऊन बसले. दोन्ही जोड्यांत ती वाजलीच नाही. पुण्याच्या कंपनीने आमच्या मालात दोष नाही हे दाखवणारा आलेख पाठवला. सरांनी त्याच्याखालचं इंग्रजी लाल शाईने दुरुस्त करून तो परत पाठवला.

मग त्यांना आठवलं की आपला धर्मपुत्रच वालीवला स्पीकर करतो. आपण तिसऱ्या क्रमांकाला आठवलो याचं क्लेटनला वाईट वाटलं नाही. घरच्या माणसाचा नंबर तिसराच असतो.

क्लेटन त्रेचाळीस वर्षांचा होता. तो कामाला होता ती टीव्हीची कंपनी बंद पडल्यावर त्याने वालीवला एक गाळा भाड्याने घेतला होता. पेट्या शत्रुघ्न करायचा, जो गोरखपूरचा सुतार होता आणि प्लायवूडला हात लावून ते कुठल्या गोदामात भिजलं ते सांगायचा. आतली वायर, बारीक आवाजाचा ट्वीटर, जाड आवाजाचा वूफर क्लेटन बसवायचा. नागपूर, इंदूर, कोईमतूरचे अनोळखी लोक इंटरनेटवर वाचून त्याची जोडी मागवत. गावात मात्र एकही जोडी गेली नव्हती, कारण ती सरांनी ऐकली नव्हती, आणि सरांना ऐकवायची क्लेटनची छाती झाली नव्हती. अकराव्या वर्षी कॉयरमध्ये सरांनी त्याला सांगितलं होतं, "क्लेटन, तू नुसतं तोंड हलव." सर तेव्हा बरोबर होते. अडचण तीच होती.

रविवारी त्याने जोडी सरांच्या हॉलमध्ये मांडली. गाणं थांबलं, चर्च गप्प झालं आणि घंटी वाजली, फरशीवर चमचा पडावा इतकी स्वच्छ. क्लेटनला बरं वाटलं.

सरांनी डोळे उघडले. "नाही रे बाळा."

"काय नाही, सर?"

"घंटी. बाकी गोडवा आहे. पण घंटी नाही."

दोष स्पीकरचा नाही हे कुठल्याही परक्या माणसाला तिथेच कळलं असतं. क्लेटनला कळलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला जी ऐकू आली ती खरी घंटी नसेल. खरी घंटी सरांना ठाऊक. त्याने पेट्या वालीवला परत नेल्या आणि ट्वीटरला आवरून धरणारा रेझिस्टर बदलून हलका बसवला. दुसऱ्या रविवारी सर म्हणाले, "आहे, पण लांब आहे. तिकडे पापडी गावात वाजते आणि आपण इथे बसलोय." क्लेटनने परत जाऊन तो रेझिस्टर काढूनच टाकला.

शत्रुघ्नने एक मिनिट ऐकलं आणि रंधा खाली ठेवला. "सेठ, ये तो कान में सुई डालता है."

"सरांना असाच लागतो."

"तो सर को दे दो. मुझे मत सुनाओ."

तिसऱ्या रविवारी घंटी वाजली तेव्हा क्लेटनच्या दाढेत कळ गेली. सरांची बायको ज्युली आंटी ओट्यावर पपई चिरत होती. ती सुरीसकट उठली आणि वाडीच्या पार टोकाच्या नारळाखाली जाऊन उभी राहिली. सर मात्र हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आली," ते म्हणाले. "किती दिवसांनी आली."

त्या क्षणी क्लेटनला कळलं. पहिल्या रविवारी कळलं असतं तर तो शहाणा ठरला असता. तिसऱ्या रविवारी कळून तो फक्त गप्प राहिला. सरांनी जोडीचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: "अखेर घंटी ऐकू येणारा स्पीकर मिळाला. आपल्याच क्लेटनचा. आलोशियस." संध्याकाळपर्यंत नऊ ऑर्डर आल्या. नऊही जणांनी एकच गोष्ट बजावली: सरांना दिलास तस्साच पाहिजे, जरा इकडेतिकडे नको.

क्लेटनने दिला तस्साच. रेझिस्टर घालून सरळ दिला असता तर लोकांनी शेजारी ठेवून ताडून पाहिलं असतं आणि सरांचं नाव खराब झालं असतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला सांगतो त्या गोष्टी बहुधा पटण्यासारख्याच असतात.

आठवड्याने तो एव्हरशाईन सिटीत नेल्सनकडे गेला. नेल्सन बँकेत अधिकारी, गावचाच, आता सहाव्या मजल्यावर. वायर नीट आहे का बघायला म्हणून क्लेटन गेला होता. स्पीकर चालू होते. नेल्सन स्वयंपाकघरात उभा राहून गाणं ऐकत होता.

"इथून का ऐकतोस?"

"इथून बरं वाटतं." नेल्सन थोडा ओशाळला. "जवळ बसलं की माझं डोकं दुखतं रे. बायको म्हणते, तिचंही. तिची आई तर बोळिंजला परत गेली. पण आम्हाला कुठे कान आहे? आयुष्यभर मोबाइलवर ऐकलं. सरांनी म्हटलंय म्हणजे चांगलाच असणार. होईल सवय."

"आवडत नसेल तर मी—"

"नाही, नाही. सरांना कळलं तर काय म्हणतील? सवय होते. बिअरची नाही झाली?"

क्लेटन लिफ्टने खाली आला. म्हणजे गावच्या नऊ घरांत लोक आपल्याच दिवाणखान्यातून हद्दपार झाले होते आणि एकाचीही तक्रार नव्हती. धंद्यात याहून चांगले दिवस त्याने पाहिले नव्हते.

पुढच्या शनिवारी नाताळच्या सरावाला तो चर्चमध्ये गेला, मागच्या बाकावर बसला. सर हात उचलून मुलींना म्हणत होते, "वर. अजून वर. मला ऐकू येत नाही, म्हणजे देवाला कसं येणार?" पुढच्या रांगेतली मेलिसा गळ्याच्या शिरा ताणून किंचाळत होती. ती गावातली सगळ्यात चांगली गाणारी मुलगी; सरांनीच घडवलेली. ऑर्गनवर बसलेली हिल्डा खाली मान घालून वाजवत होती. सराव संपल्यावर मेलिसा क्लेटनच्या शेजारून गेली. त्याने विचारलं, कशी आहेस? तिने गळ्याकडे बोट दाखवलं आणि हसली. आवाज बसला होता. "दोन वर्षं असं होतंय," ती कुजबुजली. "डॉक्टर म्हणतात, ओरडू नका. मी ओरडत नाही, गाते, असं सांगितलं त्यांना."

क्लेटन तिथूनच सरांच्या घरी गेला. सर अजून चर्चमध्येच पुस्तकं आवरत होते. ज्युली आंटीने चहा टाकला.

"आंटी, सरांना—"

"माहीताय." तिने गॅस बारीक केला. "फोन वाजतो तो मलाच वाजतो. पक्षी गेले म्हणतात वाडीतून. पक्षी कुठे जाणार, इथेच बोंबलतात सकाळपासून."

"तुम्ही सांगत का नाही?"

"एकदा म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. आठ दिवस जेवताना बोलले नाहीत माझ्याशी. तू सांग."

"मी?"

"तुझ्यावर रागावले तर तुझे दोन स्पीकर जातील. माझ्यावर रागावले तर मी कुठे जाऊ? माहेर तर शेजारीच आहे, तिथेही ऐकू येतो तो तुझा स्पीकर."

सर आले. बसले. नेहमीसारखा रिमोट उचलला. क्लेटन म्हणाला, "सर, लावू नका." मग आवाज जरा चढवून पुन्हा म्हणाला. सरांनी रिमोट खाली ठेवला.

"घंटी पहिल्या दिवसापासून होती, सर."

सरांनी स्पीकरकडे पाहिलं.

"पुण्याच्या जोडीतही असेल. त्याआधीच्या जोडीतही. मी तुमच्यासाठी रेझिस्टर काढला. आता या स्पीकरजवळ कुणी बसू शकत नाही."

"ज्युली बसते."

"आंटी नारळाखाली असतात."

सरांनी दाराकडे पाहिलं. ज्युली आंटी कप घेऊन उभी होती. तिने नाही म्हटलं नाही. सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि ते शाळेत एखाद्याचा कोरा पेपर बघत तसे त्या चष्म्याकडे बघत राहिले.

"तुला कधी कळलं?"

"आली म्हणालात, त्या दिवशी."

"आणि मग माझ्या नावावर नऊ विकलेस."

क्लेटनकडे उत्तर होतं, पण ते सरांसमोर द्यायचं नव्हतं.

"मी तुला आवाज नाही म्हणून सांगितलं तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास," सर म्हणाले. "मला सांगायला दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबावंसं वाटलं नाही. तू तीन आठवडे घेतलेस."

"तुम्ही रडत होतात, सर."

"तूही रडला होतास. मी थांबलो होतो का?"

ज्युली आंटी म्हणाली, "चहा थंड होतोय." कुणी घेतला नाही.

"मेलिसा?" सरांनी अचानक विचारलं.

क्लेटनने चहाचा कप बाजूला सरकवला.

"क्लेटन, मी विचारलं काहीतरी."

"आवाज बसलाय तिचा. दोन वर्षं. तुम्ही वर म्हणता म्हणून ती ओरडते."

या वेळी सर उठले. हॉलभर एक फेरी मारून खिडकीशी थांबले. बाहेर मेलिसाचं घर दिसत नव्हतं, तरी ते तिकडेच बघत होते. स्पीकरचं त्यांनी सोसलं होतं. हे बसलं ते वेगळ्या जागी.

"नाताळला तेवीस दिवस आहेत," क्लेटन म्हणाला. "मी मागे बसतो, सर. जास्त झालं की हात वर करीन. कुणाला कळणार नाही. नाताळ होऊ द्या, मग बघू."

सरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मोह होता. क्लेटनने तो पाहिला, आणि आपण का बोललो असं त्याला झालं.

"तू हात वर करणार," सर सावकाश म्हणाले. "तुला नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं. तू मला सुरात ठेवणार." ते हसले, पण त्या हसण्यात कुणाला सामील करून घेतलं नाही. "आणि नाताळनंतर ईस्टर येईल. फोन दे माझा."

त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच ग्रुपवर लिहू लागले. एका बोटाने, विरामचिन्हं न गाळता. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं, वर्गात नोटीस वाचतात तसं:

"माझा कान गेला आहे. किती दिवसांपूर्वी, ते मला माहीत नाही. क्लेटनचे स्पीकर मी बिघडवले. तो प्रत्येकाच्या घरी येऊन ते सरळ करून देईल, त्याला पेटी उघडू द्यावी. नाताळचं कॉयर हिल्डा बघेल. मेलिसाने महिनाभर गाऊ नये. आलोशियस."

"आत्ताच पाठवायचं?" ज्युली आंटी म्हणाली. "जेवून घ्या आधी."

सरांनी बोट टेकवलं.

तिघेही फोनकडे बघत राहिले. पहिलं उत्तर मिनिटाभरात आलं, जोडलेल्या हातांचं चित्र. मग अंगठा. मग पुन्हा जोडलेले हात, फुलं, मेणबत्ती. माणूस मेल्यावर पाठवतात तीच चित्रं होती. ग्रुपवर दुसरी नसतात. शब्द एकाचाही नव्हता. हिल्डाने काहीतरी लिहायला घेतलेलं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. सरांनी फोन पालथा ठेवला.

"ही जोडी काय करू, सर?" क्लेटनने विचारलं. "सरळ करून देऊ?"

"मग मला काय ऐकू येणार?"

"मग अशीच ठेवू?"

"मग ज्युलीला नारळाखाली ठेवू?" सर खुर्चीत बसले. चाळीस वर्षांत त्यांनी असा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, ज्याचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक नाही. "तू सांग. तू करतोस ना स्पीकर. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला कुठला देशील?"

क्लेटनला सांगायचं होतं की सर, तुम्हाला स्पीकर नको, मशीन लागेल, कानातलं. ते सांगायला तोंड उघडणार तोच त्याचा फोन वाजला. नेल्सन.

"क्लेटन, वाचलं रे," नेल्सन म्हणाला. "फार वाईट झालं. म्हणजे माझा कान बरोबर होता?"

त्याच्या आवाजातला आनंद खोलीभर ऐकू येण्याइतका होता. क्लेटनने घाईने फोन बंद केला आणि सरांकडे पाहिलं. सर खुर्चीत पुढे झुकून त्याच्या तोंडाकडे बघत होते, शब्द निसटू नये म्हणून.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाला?"

"नेल्सन," क्लेटन म्हणाला. "म्हणाला, फार वाईट झालं."

सर त्याच्याकडे बघत राहिले. "आणि?"

क्लेटनने खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि उरलेलंही सांगितलं.